गालिचा, तपकिरी, एक

जिन्यात दोन महिन्यांपासून एक सूचना चिकटवलेली होती. "मी इस्पितळात असताना माझ्या घराचं दार कोणीतरी जांभळं रंगवलं आहे. याबाबत माहिती असणाऱ्याने दुसऱ्या मजल्यावर येऊन सांगावं. नाव गुप्त राहील." खाली घरमालकांची सही, तारीख आणि वेळ.

माहिती इमारतीत सगळ्यांनाच होती. दार मालकांनी स्वतःच रंगवलं होतं, पाच वर्षांपूर्वी, स्टुलावर चढून, दोन हात देऊन. आपण चॉकलेटी रंगाचा डबा आणलाय अशी त्यांची समजूत होती. स्टुलावरून उतरून, लांब जाऊन, मान तिरकी करून ते म्हणाले होते, "कसं भारदस्त वाटतं." जमलेल्या भाडेकरूंनी माना डोलावल्या. खुशीत असलेल्या घरमालकाला रंग सांगायला कोण जातं?

तिसऱ्या मजल्यावरचा चष्मेवाला तेव्हा इथे राहत नव्हता. तो वर्षभराने आला. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणं हे त्याचं काम, त्यामुळे दार बघून त्याला रोग लगेच कळला. पिकलेला मोतीबिंदू म्हणजे डोळ्यात कायमचा धरलेला कोऱ्या चहाचा ग्लास. सगळं जग त्यातून गाळून येतं. निळं मातकट होतं, जांभळं चॉकलेटी होतं, आणि माणसाला वाटतं, जग आहेच असं.

कळलं, पण तो बोलला नाही. आणि आज, घर सोडायच्या दिवशी, नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं.

मालक वजनमापं खात्यातले निवृत्त निरीक्षक. पस्तीस वर्षं त्यांनी बाजारातले तराजू तपासले, खोटी वजनं पकडली, खऱ्यांवर शिक्के मारले. घर भाड्याने देतानाही त्यांनी एकसष्ट वस्तूंची यादी केली होती आणि प्रत्येक वस्तूचं माप घेतलं होतं. पायपुसण्याचंसुद्धा. त्या यादीत सतराव्या क्रमांकावर लिहिलं होतं: "गालिचा, तपकिरी, एक. सात फूट बाय दहा. वजन अठरा किलो चारशे. घर सोडताना भाडेकरूने धुऊन घेऊन पावतीसह परत करावा."

गालिचा निळा होता. डोळ्यात भरणारा निळा नव्हे, राखाडीकडे झुकलेला, चार लोकांत गप्प बसणारा निळा. पण निळा.

राहायला आला त्या दिवशी चष्मेवाल्याने पेन हातात घेतलं, गालिच्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं. खाली टेंपोत आई एका मांडीवर शिलाई मशीन आणि दुसऱ्या मांडीवर कुंडी घेऊन बसली होती. त्याने सही केली. भीड भिकेची बहीण म्हणतात. ती त्या दिवशी चष्मेवाल्याकडे राहायला आली आणि चार वर्षं गेलीच नाही. मालक विचारायचे, "तपकिरी गालिचा काय म्हणतो?" तो म्हणायचा, "मजेत आहे." हळूहळू आईसुद्धा म्हणू लागली, "अरे, त्या तपकिरीवर ओले पाय नको देऊस."

मात्र डोळ्यांसाठी तो मालकांच्या मागे हात धुऊन लागला होता. "काका, ऑपरेशन करून टाका." तीन वर्षं मालक म्हणाले, "मला सगळं स्वच्छ दिसतं." चौथ्या वर्षी ते जिन्यात एका पोत्याला "नमस्कार, बरे आहात ना?" म्हणाले आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. मग तयार झाले. दोन महिन्यांपूर्वी उजवा डोळा झाला. डाव्याचं पुढे बघू म्हणाले.

नव्या डोळ्याने मालक हरखून गेले. सदरे पांढरेशुभ्र दिसू लागले, तेव्हा त्यांनी साबणाच्या कंपनीला अभिनंदनाचं पत्र पाठवलं. आकाश निळंशार दिसलं, तेव्हा कारखाने बंद पडलेत का याची चौकशी केली. दार जांभळं दिसलं, तेव्हा सूचना लावली. बदल झाला होता तो बाहेर, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे तराजू तपासले, त्याला स्वतःचा तराजू तपासायची सवय कशी असणार?

घर सोडायचं कारण आईचे गुडघे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई पाच महिन्यांत खाली उतरलेली नव्हती. खिडकीतून तिला समोरच्या गल्लीचा अर्धा भाग दिसायचा, आणि उरलेल्या अर्ध्या भागात काय घडत असेल हे ती अंदाजाने सांगायची. अंदाज बहुतेक वेळा लग्न मोडण्याचे असायचे. आता तळमजल्यावरचं एक घर मिळत होतं. मागे अंगण, अंगणात नळ, नळाशेजारी बाक. आईने ते घर बघितलं नव्हतं, पण बाकावर कुठल्या बाजूला बसायचं ते ठरवलं होतं.

नव्या घरमालकिणीची एकच अट होती. जुन्या मालकाचं पत्र: घर जसं दिलं तसं परत मिळालं. आज संध्याकाळी पाचच्या आत. "नाहीतर दुसरं एक कुटुंब थांबलंय," ती फोनवर म्हणाली होती. "त्यांच्याकडे दोन पत्रं आहेत."

सकाळी दहाला गालिचेवाला धुतलेला गालिचा खांद्यावर टाकून तीन मजले चढून आला. साठीचा, सुकलेला माणूस. नेहमीच्या शिरस्त्याने त्याने पावती फाडली. त्याच्या कारखान्यात एका वेळी चाळीस गालिचे पाण्यात असायचे. अदलाबदल होऊ नये म्हणून तो पावतीवर रंग लिहायचा. त्याने लिहिलं: "निळा गालिचा, एक. धुतला."

चष्मेवाल्याचे डोळे पांढरे झाले.

"दादा, इथे तपकिरी लिहाल का?"

गालिचेवाल्याने गालिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुमचं काम काय साहेब?"

"डोळे तपासतो."

"हं," गालिचेवाला म्हणाला, आणि त्या दुकानात कधी जायचं नाही असं त्याने ठरवल्याचं चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

बारा वाजता मालक आले. हातात यादी, टेप आणि हुकाचा काटा. सोळाव्या क्रमांकापर्यंत सगळं सुरळीत झालं. सतराव्याला ते थांबले. त्यांनी यादी वाचली, पावती वाचली, गालिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा यादी.

"हा माझा गालिचा नाही," ते शांतपणे म्हणाले.

"काका, तोच आहे."

"माझा तपकिरी. तुम्ही सही केलीत तपकिरीवर." मालक एरवी त्याला अरे-तुरे करायचे. कागद हातात आला की तुम्ही. "हा निळा. तुमच्या धोब्यानेही निळाच लिहिलाय. माणूस प्रामाणिक दिसतो."

"धोबी नव्हे, गालिचेवाला," गालिचेवाला म्हणाला. निळं-तपकिरी प्रकरण बघितल्याशिवाय त्याला जावंसं वाटेना.

"माप घेऊ," मालक म्हणाले.

लांबी बरोबर भरली. रुंदी बरोबर भरली. मग गालिचा गुंडाळून, दोरीने बांधून काट्याला लावला. काटा झाडूच्या दांड्याला, आणि दांडा चष्मेवाल्याच्या व गालिचेवाल्याच्या खांद्यावर. दोघं शिकार करून आल्यासारखे उभे राहिले. मालकांनी वाकून आकडा वाचला.

"सतरा किलो नऊशे. पाचशे ग्रॅम कमी. झालं तर मग."

"ती घाण होती मालक," गालिचेवाला म्हणाला. "धुतल्यावर जाते."

"अर्धा किलो?"

"चार वर्षांची आहे. त्यामानाने कमीच."

"त्या घाणीची पावती आहे?"

गालिचेवाल्याने थोडा विचार केला. "घाण मी ठेवत नाही."

"मग पुरावा नाही." मालकांनी यादीची घडी घातली. ते रागावले नव्हते. ते कधीच रागवायचे नाहीत, खोटं वजन सापडल्यावर तर नाहीच. "चार वाजता येतो. खरा गालिचा आणून ठेवा, पत्र तयार आहे. नाहीतर घर जसं दिलं तसं मिळालं, हे मी कसं लिहू? माझी सही आहे ती."

ते गेल्यावर आई आतल्या खोलीतून भिंतीला धरून आली. तिने सगळं ऐकलं होतं. भिंत पातळ होती आणि आई जाणती होती.

"त्यांना तपकिरी हवाय ना? मग तपकिरी करून द्यावा. त्यात काय?"

"आई, गालिचा रंगवायचा?"

"मी चादरी रंगवल्यात तुझ्या वयाची असताना."

"गालिचा लोकरीचा आहे मावशी," गालिचेवाला म्हणाला. "माझ्या देखत असलं बोलू नका."

चष्मेवाला खाली काकूंकडे गेला. काकू म्हणजे मालकीणबाई. त्यांनी तीस वर्षं लोकरीचं दुकान चालवलं होतं. सतरा प्रकारचे निळे त्या अंधारात हाताने ओळखत, असं लोक सांगायचे. त्यांच्याइतका पक्का साक्षीदार त्रिभुवनात सापडला नसता. त्या जांभळ्या दाराच्या आत शेंगा सोलत बसल्या होत्या.

"काकू, तेवढं एकदा काकांना सांगा. गालिचा निळाच होता ना पहिल्यापासून?"

"मीच विकत घेतला होता तो," काकू म्हणाल्या.

"मग?"

"रंगाबद्दल मी या घरात बोलत नाही." एक शेंग कडकन मोडली. "पाच वर्षांपूर्वी हे स्टुलावर होते. मी म्हटलं, अहो, जांभळा आहे. तर मला म्हणाले, तुला रंगातलं काय कळतं? सगळ्या भाडेकरूंसमोर. त्या दिवसापासून बंद. पिकलेला टोमॅटो आणा म्हणत नाही मी, नुसता मऊ आणा म्हणते."

"पण माझ्या आईचं घर अडलंय काकू."

काकूंचा हात थांबला. आई वर आल्यापासून दर गुरुवारी काकू वर जाऊन तिच्याशी पत्ते खेळायच्या आणि हरायच्या. "ताईंसाठी जीव तुटतो रे. पण शपथ ती शपथ. आणि मी बोलले तरी ते ऐकणार का? पाच वर्षं मी गप्प होते, ते त्यांना अजून कळलेलं नाही." त्यांनी सोललेले दाणे वाटीत टाकले. "तू का नाही सांगत? तुझं तर कामच आहे ते."

हे तिसऱ्या मजल्यापर्यंत त्याच्या पाठोपाठ आलं. तुझं तर कामच आहे ते.

वर पोचला तर घरात चहाचा वास. स्वयंपाकघरातली सगळी भांडी खोक्यांत गेली होती, एक पातेलं सोडून. आईने त्या पातेल्यात कोरा, काळाकुट्ट चहा उकळला होता, आणि गालिचेवाला मोरीवर हात धुवायला गेल्याची संधी साधून कोपऱ्यात कपभर ओतला होता. गालिचेवाला आता त्या कोपऱ्याजवळ उकिडवा बसला होता, एखाद्या ओळखीच्या माणसाच्या उशाशी बसावं तसा.

"नमुना म्हणून केलं," आई म्हणाली. "रंग बसला तर सगळ्यावर ओतू. आणि अर्धा किलो कमी पडत होतं ना, तेही भरून निघेल."

रंग बसला नव्हता. निळ्या कोपऱ्यात हाताच्या तळव्याएवढा, किडलेल्या दातासारखा डाग पडला होता. चार वर्षं त्या गालिच्यावर एक थेंब सांडला नव्हता. सांडला तो धुऊन आणल्यावर, त्याच दिवशी, हेतुपुरस्सर.

"निघेल का दादा?"

"निघेल. कारखान्यात. परवा."

चष्मेवाला खिडकीत बसला. घड्याळात साडेतीन झाले होते. दुकानात तो दिवसाला तीस माणसांचे डोळे तपासायचा. तुम्हाला चुकीचं दिसतं, असं त्याने आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. ते सांगायचं नसतंच. काच बदलायची आणि विचारायचं, हे बरं की हे? माणूस आपण होऊन सांगतो. इतकं सोपं काम. मग चार वर्षं तोंडाला कुलूप का होतं? कारण दुकानात समोरचा माणूस गिऱ्हाईक असतो. इथे तो घरमालक होता, आणि घरमालकाला चष्मेवाल्याने कधी विचारलंच नव्हतं, हे बरं की हे?

त्याने बांधलेली बॅग उघडली आणि तळातून डोळा झाकायचा काळा चमचा काढला. चमच्यासारखा दिसतो म्हणून चमचा. प्रत्यक्षात त्याने काही खाता येत नाही.

"जेवायला बसतोयस का?" आईने विचारलं.

"नाही. कामाला."

चारच्या ठोक्याला मालक आले. मागे काकूही आल्या, आणि आईशेजारी खोक्यावर बसल्या. मालकांनी गालिच्याकडे पाहिलं. तोच निळा. वर कोपऱ्यात डाग.

"आता हे काय नवीन?"

"तो डाग चहाचा आहे, आजचा, आमच्या चुकीने पडलाय," चष्मेवाला म्हणाला. आई बाकाच्या कुठल्या बाजूला बसणार होती ते त्याला आठवलं. डाव्या. "काका, एक सांगायचंय. मी या घरात आलो त्या दिवशी मला हा गालिचा निळा दिसला होता. तरी मी तपकिरीवर सही केली. चार वर्षं तपकिरी म्हणत राहिलो. ती चूक माझी."

"म्हणजे माझी यादी खोटी, असं म्हणणं आहे?"

"माझं काहीच म्हणणं नाही. मी फक्त विचारणार आहे. इथे उभे राहा. हा चमचा उजव्या डोळ्यावर धरा."

मालकांनी चमच्याचं वजन हातात तोलून बघितलं, सवयीने. मग उजव्या डोळ्यावर धरला. त्यांनी गालिच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"हा आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "हा माझा गालिचा. कुठे होता?"

"आता डाव्या डोळ्यावर धरा."

त्यांनी धरला. तोंड थोडं उघडं राहिलं. मग आपण होऊन चमचा उजवीकडे नेला. मग डावीकडे. गालिचेवाला एकदा मालकांकडे आणि एकदा गालिच्याकडे बघत होता. गालिचा जागचा हलत नाहीये ना, याची तो खात्री करून घेत होता.

"हे बरं की हे?" चष्मेवाल्याने विचारलं.

मालकांनी चमचा खाली घेतला. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. खुर्ची, यादी क्रमांक नऊ, सहा किलो दोनशे.

"डागही दिसत नाही त्या डोळ्याने," ते म्हणाले. "एका बाजाराचे दोन तराजू. माझ्याच डोक्यात. आणि शिक्का मारत बसलो." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "निळा आहे का गं?"

काकू छताकडे बघत होत्या. "रंगाबद्दल मी बोलत नाही."

"का?"

"अहो, आता विचारताय?"

मालकांनी चमचा पुन्हा हातात घेतला, त्याकडे नुसतं पाहिलं आणि मांडीवर ठेवला. "साबणाच्या कंपनीला मी पत्र पाठवलंय," ते म्हणाले.

मग त्यांनी यादी उघडली, पेन काढलं आणि मांडीवरच काम सुरू केलं. सतराव्या क्रमांकावर 'तपकिरी' शब्दावर एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर 'निळा' लिहिलं. शेजारी सही, तारीख, वेळ. वजनाच्या पुढे कंसात लिहिलं: 'घाणीसह'. त्याखाली: 'डाग एक, चहाचा, कोपऱ्यात, आजचा. पुन्हा धुणे आवश्यक.'

"धुण्याची जबाबदारी कोणाची लिहायची?" त्यांनी विचारलं.

"माझी," चष्मेवाला म्हणाला.

"माझी," आई म्हणाली. "ओतला मी."

"खात्यात एक नियम होता." मालक चष्मेवाल्याकडे वळले. "खोटं वजन वापरणारा दोषी. आणि खोटं आहे हे माहीत असून गप्प बसणाराही तेवढाच. तू दुकानात रोज लोकांना विचारतोस आणि मला चार वर्षं विचारलं नाहीस. का रे?"

तो 'रे' ऐकून चष्मेवाल्याला जरा बरं वाटलं. "भीती वाटली काका. तुम्ही घर दिलं नसतं तर?"

"दिलं नसतंच," मालक प्रामाणिकपणे म्हणाले, आणि लिहिलं: 'जबाबदारी दोघांची, निम्मी निम्मी.' कागद त्यांनी पुढे केला. चष्मेवाल्याने आधी गालिच्याकडे बघितलं, मग शब्द वाचला, आणि मग सही केली.

पत्र आधीपासूनच खिशात तयार होतं. मालकांनी ते काढलं, वाचलं, आणि तीन शब्द वाढवले. 'घर जसं दिलं तसंच, किंबहुना जास्त स्वच्छ परत मिळालं.' घड्याळात चार वीस झाले होते. चष्मेवाल्याने फोनवर पत्राचा फोटो काढून पाठवला. दोन मिनिटांनी नव्या मालकिणीचा निरोप आला: "अक्षर छान आहे. या."

आईला खाली न्यायला यादीतली नऊ नंबरची खुर्चीच घेतली. पुढून गालिचेवाला, मागून चष्मेवाला, मध्ये मांडीवर कुंडी घेऊन आई.

"गालिच्यापेक्षा जड आहे का रे मी?" तिने विचारलं.

"काटा खाली राहिला मावशी," गालिचेवाला म्हणाला. "नाहीतर आकडा सांगितला असता."

दुसऱ्या मजल्यावर सगळे थांबले, कारण मालक आपल्या दारासमोर उभे होते. चमचा अजून त्यांच्याकडेच होता. उजवा डोळा झाकला, बघितलं. डावा झाकला, बघितलं. मग स्टूल कुठे ठेवलं होतं ती जागा त्यांनी पायाने चाचपली.

"दोन हात दिले होते ना मी?" त्यांनी न वळता विचारलं.

"दोन," मागून काकू म्हणाल्या.

"डाव्या डोळ्याचं ऑपरेशन कधी करायचं काका?" चष्मेवाल्याने विचारलं. खुर्चीच्या वजनाने त्याचे हात भरून आले होते, पण आता विचारायची सवय लावून घ्यायची असं त्याने ठरवलं होतं.

"करू," मालक म्हणाले. "जरा थांबून. आधी एकेका डोळ्याने पस्तीस वर्षांची कागदपत्रं एकदा तपासून घेतो. मग करू."

गालिचेवाल्याचा श्वास फुलला होता, म्हणून पहिल्या मजल्यावर खुर्ची जरा टेकवली. आईने पाच महिन्यांनी जिन्यातली हवा घेतली आणि हवा तशीच आहे, पण भिंतीचा रंग उडालाय, असं जाहीर केलं. वरून चपलांचा आवाज आला. मालक खाली उतरले, त्यांना ओलांडून सूचनेपाशी गेले. त्यांनी सूचना काढली नाही. खिशातून पेन काढून तिच्याखाली एक ओळ लिहिली, सही केली, तारीख घातली, वेळ घातली, आणि वर निघून गेले.

खुर्ची पुन्हा उचलली. सूचनेसमोरून जाताना आईने त्यांना थांबवलं आणि ती ओळ मोठ्याने वाचली.

"माहिती मिळाली. नाव गुप्त ठेवण्यात येत आहे."